चलनी नाण्यांचा शोध : छंद आणि पथ्ये

नाण्यांचा संग्रह दोन मार्गांनी होतो. पहिला मार्ग बाजाराचा. संग्राहक व्यापाऱ्याकडे जातो, हवे ते नाणे निरखून पाहतो, घासाघीस करतो, मोल देतो आणि नाणे घरी आणतो. दुसरा मार्ग चलनाचा. रोजच्या व्यवहारात जी नाणी हातोहात फिरत असतात त्यांतूनच एखादे दुर्मिळ, चुकीच्या छापाचे अथवा अधिक मोलाच्या धातूचे नाणे हुडकून काढावयाचे आणि त्यासाठी केवळ त्याचे दर्शनी मूल्य मोजावयाचे. या दुसऱ्या मार्गाला द्रव्य फारसे लागत नाही. लागते ती नजर, चिकाटी आणि थोडीशी माहिती. म्हणूनच शाळकरी मुले, कारकून, निवृत्त गृहस्थ अशा बेताच्या प्राप्तीच्या माणसांना तो विशेष जवळचा वाटत आला आहे.

परंतु या मार्गावर एक अडचण आहे. व्यापाऱ्याच्या दुकानातील नाणे विक्रीसाठीच मांडलेले असते. चलनातील नाणे मात्र कामावर असते. कोणाला तरी बसचे भाडे द्यावयाचे असते, कोणाला गिऱ्हाइकाची मोड परत करावयाची असते. शोधक जेव्हा हजार नाणी चाळावयास घेतो तेव्हा तो हजार नाणी काही काळ कामावरून उठवीत असतो. ती त्याला मोजून देणारा रोखपाल, चाळून झाल्यावर परत घेणारा दुसरा रोखपाल, मोडीसाठी अडलेला दुकानदार आणि त्याच गावातील दुसरा शोधक या सर्वांशी त्याचा संबंध येतो. छंद एकांतातला दिसला तरी तो एकट्याचा नाही. यातूनच त्याची पथ्ये निर्माण झाली. ती बहुतांशी अलिखित आहेत. पण ती का आली हे समजून घेतले, तर प्रत्येक पथ्यामागे एखादा जुना अनुभव उभा असलेला दिसतो.

छंदाचा उगम

हा छंद जगात अनेक देशांत आढळतो. तथापि त्याला व्यवस्थित रूप आले ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. १९३० नंतरच्या महामंदीच्या काळात विस्कॉन्सिन राज्यातील नीना या गावच्या जे. के. पोस्ट नावाच्या गृहस्थांनी पुठ्ठ्याचा एक फलक तयार केला. त्यावर गोल खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेखाली एक साल व टांकसाळीची खूण छापलेली होती. खिशातील सेंट नाणी तपासावी आणि ज्याची खाच मोकळी असेल ते तिच्यात बसवावे, एवढाच खेळ. हा फलक २५ सेंटांना मिळे. पुढे रसीन येथील व्हिटमन या प्रकाशनसंस्थेने तो आपल्याकडे घेतला आणि त्याचेच घडीचे निळे पुठ्ठे घरोघर पोचले. ज्या काळात करमणुकीवर खर्च करण्यास पैसा नव्हता त्या काळात पैसाच करमणुकीचे साधन झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या खेळाने सामान्य माणसाला एक गोष्ट शिकवली. सारखी दिसणारी नाणी सारखी नसतात. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील टांकसाळीने शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे असलेली लिंकनची सेंट नाणी पाडली. आद्याक्षरे फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि ती थोड्याच दिवसांत काढून टाकण्यात आली. त्यामुळे त्या टांकसाळीची तशी नाणी केवळ ४,८४,००० एवढीच निघाली. पुढे १९५५ साली फिलाडेल्फिया येथे एका ठशावर अक्षरे दोनदा उमटली आणि त्या ठशाने पाडलेल्या नाण्यांवर साल व मजकूर दुहेरी दिसू लागला. दोष ध्यानात येईपर्यंत ही नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती. ती वेचून काढण्यापेक्षा जाऊ देणे अधिकाऱ्यांना सोयीचे वाटले. अशी सुमारे वीस ते चोवीस हजार नाणी लोकांच्या हाती गेली. ज्याला फरक दिसला त्याने एका सेंटमध्ये खजिना मिळवला. ज्याला दिसला नाही त्याने ते नाणे खर्चून टाकले.

शोधाची रीत

अमेरिकेत नाणी कागदी गुंडाळ्यांतून पेढीत येतात. सेंटच्या एका गुंडाळीत ५० नाणी असतात, पाच सेंटच्या गुंडाळीत ४०, दहा सेंटच्या गुंडाळीत ५०, पाव डॉलरच्या गुंडाळीत ४० आणि अर्ध्या डॉलरच्या गुंडाळीत २०. अशा ५० गुंडाळ्यांची एक पेटी होते. म्हणजे सेंटची पेटी २५ डॉलरला पडते आणि तिच्यात २,५०० नाणी असतात. अर्ध्या डॉलरची पेटी ५०० डॉलरला पडते आणि तिच्यात १,००० नाणी असतात. शोधक पेटी विकत घेतो, घरी नेतो, एकेक गुंडाळी फोडून नाणी पाहतो, हवी ती ठेवतो आणि उरलेली पुन्हा पेढीत भरतो. गुंतवलेली रक्कम जवळजवळ तशीच परत मिळते. खर्च होतो तो वेळ.

काय पाहावयाचे हे धातूच्या इतिहासावर अवलंबून असते. १९६४ पर्यंतच्या दहा सेंट, पाव डॉलर व अर्धा डॉलर या नाण्यांत शेकडा ९० भाग चांदी होती. १९६५ ते १९७० या काळातील अर्ध्या डॉलरमध्ये ती शेकडा ४० भाग होती. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू युद्धकार्यासाठी हवा होता म्हणून १९४२ ते १९४५ मध्ये पाच सेंटच्या नाण्यांत शेकडा ३५ भाग चांदी घालण्यात आली. जाणता शोधक चांदीचे नाणे पाहताच ओळखतो; कारण नव्या नाण्याच्या काठावर आतील तांब्याची तांबूस रेघ दिसते, चांदीच्या नाण्याचा काठ मात्र एकसारखा पांढरा असतो. असे असले तरी चांदी आता क्वचितच हाती लागते. पेट्यांमागून पेट्या चाळून रिकाम्या हाताने उठणे हा या छंदाचा नित्याचा अनुभव आहे आणि तो ज्याला सोसत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

संग्राहकांवर ठपका आला तेव्हा

पथ्यांचे महत्त्व पटवून देणारा प्रसंग १९६० नंतरच्या दशकात घडला. अमेरिकेत सुट्या नाण्यांची मोठी टंचाई निर्माण झाली. नाणे टाकून माल देणाऱ्या यंत्रांची संख्या वाढली होती. चांदीचा भाव चढत होता. त्यामुळे चांदीची नाणी दडवून ठेवण्याकडे लोकांचा कल होता. १९६४ च्या मार्च महिन्यात दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या स्मरणार्थ अर्ध्या डॉलरचे नवे नाणे निघाले, ते तर लोकांनी आठवण म्हणून घरात ठेवले. याच सुमारास सट्टेबाजांनी न वापरलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या साठवण्याचा सपाटा लावला. डेन्व्हर येथील १९५० सालची पाच सेंटची नाणी संख्येने थोडी होती. त्यांचा फार मोठा भाग चलनात न जाता थेट साठवणाऱ्यांच्या कपाटात गेला. १९६४ च्या सुमारास त्यांचा भाव शिखराला पोचला आणि नंतर कोसळला.

टंचाईची कारणे अनेक होती; परंतु दोष दिसावयास सोपा होता तो नाणी जमवणाऱ्यांचा. त्या वेळी टांकसाळीच्या संचालक ईव्हा ॲडम्स होत्या. त्यांच्या खात्याने आणि शासनाने संग्राहकांना परावृत्त करणारे उपाय योजले. २३ जुलै १९६५ रोजी नवा नाणे कायदा झाला. दहा सेंट व पाव डॉलर यांतून चांदी काढून टाकण्यात आली आणि टांकसाळीच्या खुणाही गेल्या. १९६५, १९६६ व १९६७ या सालांच्या अमेरिकन नाण्यांवर ती कोणत्या टांकसाळीत पाडली हे सांगणारी खूण नाही. संग्राहक जी खूण शोधत होते तीच पुसून टाकावी, म्हणजे नाणी कपाटात न जाता बाजारात फिरतील, असा त्यामागील विचार होता. १९६८ मध्ये त्या खुणा पुन्हा आल्या.

संग्राहकांना हा आपल्यावरील अन्याय वाटला आणि तो काही अंशी अन्याय होताही. एकेक नाणे वेचणारा शाळकरी मुलगा आणि पोतीच्या पोती दडवणारा सट्टेबाज यांना एकाच मापाने मोजण्यात आले. पण या प्रसंगातून एक धडा मिळाला. समाजाला मोडीची अडचण भासू लागली की छंद आणि साठेबाजी यांतील भेद बाहेरच्या माणसाला दिसत नाही. तो भेद शोधकाने आपल्या वागण्यातून दाखवावा लागतो. २०२० साली साथीच्या काळात व्यवहार मंदावल्यामुळे अमेरिकेत पुन्हा नाण्यांचा तुटवडा पडला आणि जून महिन्यात मध्यवर्ती पेढीला नाण्यांचे नियंत्रित वाटप सुरू करावे लागले. अशा वेळी पेट्यांची मागणी आवरती घेणे आणि घरात साठलेली नाणी बाहेर काढणे हाच शोधकाचा धर्म ठरतो.

पेढीच्या खिडकीशी

पहिले पथ्य पेढीतील कर्मचाऱ्यांविषयीचे आहे. नाणी देणे-घेणे हे त्यांचे काम असले, तरी एका माणसाच्या छंदासाठी पेट्या मागवणे हे त्यांच्यावरील उपकारवजा ओझे आहे. म्हणून ज्या पेढीत आपले खाते आहे तेथेच मागणी करावी, आगाऊ सांगून ठेवावे, गर्दीची वेळ टाळावी आणि मागवलेली पेटी न चुकता उचलावी. मागणी नोंदवून पुन्हा न फिरकणारा शोधक आपल्यामागून येणाऱ्या दहा जणांची वाट बंद करतो.

दुसरे असे की, ज्या पेढीतून नाणी घ्यावयाची तिथेच ती परत ओतावयाची नाहीत. याला व्यावहारिक कारण आहे. पेढीला नाणी आणण्यासाठी व पाठवण्यासाठी वाहतुकीचा आणि मोजणीचा खर्च येतो. सकाळी पेटी नेऊन सायंकाळी तीच नाणी सुटी करून आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून तिला निव्वळ त्रास होतो. शिवाय शोधकाचेही त्यात हित नाही. आपणच चाळलेली नाणी पुन्हा आपल्याच हाती येण्याचा संभव असतो. तेव्हा घेण्याची पेढी एक आणि भरण्याची दुसरी, आणि भरण्याच्या ठिकाणी शक्यतो मोजणीचे यंत्र असावे, असा संकेत आहे.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. परत देताना गुंडाळीतील संख्या अचूक असली पाहिजे. एक चांदीचे नाणे काढून घेतले तर त्याच्या जागी त्याच मूल्याचे दुसरे नाणे गेले पाहिजे. ५० ऐवजी ४९ नाणी भरणे किंवा परदेशी नाणे आत सरकवून देणे ही छंदातील लबाडी नव्हे, ती सरळ चोरी आहे. तिचा भुर्दंड त्या गुंडाळीवर विश्वास ठेवून ती न मोजता घेणाऱ्या एखाद्या किरकोळ दुकानदाराला बसतो.

रोखपालाने एखादे जुने नाणे आपल्यासाठी बाजूला काढून ठेवले तर त्याचे आभार मानावे. पण तशी अपेक्षा धरून त्याला संकोचात टाकू नये. त्याच्या पेढीचे नियम काय आहेत हे त्याला ठाऊक असते आणि ते मोडावयास लावणारा स्नेह हा स्नेह नव्हे.

सहशोधकांशी

एका गावात दोन शोधक असले की स्पर्धा आलीच. येथे संकेत असा की, दुसऱ्याने सांगितलेल्या पेढीवर त्याच्या संमतीवाचून जाऊ नये. एखाद्याने विश्वासाने आपले ठिकाण सांगावे आणि दुसऱ्याच दिवशी ऐकणाऱ्याने तेथील सर्व पेट्या उचलाव्या, यासारखा विश्वासघात नाही. उलट ‘तुम्ही कोठून आणता?’ असा प्रश्न विचारणेही अप्रशस्त समजतात. सांगावयाचे तर तो आपण होऊन सांगेल.

सापडलेल्या नाण्याविषयी बोलताना सत्य सोडू नये. विकत आणलेले नाणे चलनात सापडले असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात कोणाचे पैसे बुडत नाहीत हे खरे; पण नवशिक्याची दिशाभूल होते. अमुक एकाला आठवड्याला एक चांदीचे नाणे मिळते असे ऐकून तो पदरची रक्कम पेट्यांत गुंतवतो आणि निराश होतो. म्हणून अनुभवी मंडळी आपल्या रिकाम्या पेट्यांचा हिशेबही मोकळेपणाने सांगतात. शंभर गुंडाळ्यांत काहीच मिळाले नाही, ही माहितीही एक सापडलेले नाणे मिळाल्याच्या माहितीइतकीच उपयुक्त असते.

नवशिक्याचा हेटाळणीने पाणउतारा करू नये. तो झिजलेले साधे नाणे मोठ्या उत्साहाने दाखवायला येतो. ठेच लागून विद्रूप झालेले नाणे टांकसाळीच्या दोषाचे आहे असे त्याला वाटते. त्याला दोन वाक्यांत सांगावे की, टांकसाळीतील दोष नाणे पाडताना होतो आणि त्याच्या खुणा नाण्याच्या रचनेशी सुसंगत असतात. नंतर झालेली इजा मात्र रचनेला ओरबाडून जाते. एवढे समजले म्हणजे पुढच्या वेळी तो अधिक शहाणा होऊन येतो. आपणही एके काळी असेच आलो होतो, याची आठवण ठेवणे हे येथे सर्वांत मोठे सौजन्य होय.

अजाण माणसाशी

आता सर्वांत नाजूक प्रश्न. पेढीतून घेतलेल्या गुंडाळीत मोलाचे नाणे निघाले तर ते निःशंकपणे शोधकाचे. पेढीने ते दर्शनी मूल्याने दिले, त्याने ते दर्शनी मूल्याने घेतले. कोणीही कोणाला फसवले नाही. पण समजा, शेजारच्या वृद्ध बाईंनी आपल्या डब्यातील नाणी दाखवली आणि ‘यांत काही आहे का हो?’ असे विचारले. आता त्या आपल्या जाणतेपणावर विसंबल्या आहेत. ‘काही नाही, मी एवढ्याला घेतो’ असे म्हणून त्यांतील एक नाणे उचलणे म्हणजे त्यांच्या विश्वासाची चोरी करणे होय. चलनात मिळालेला लाभ हा दैवाचा; माणसाने विचारल्यावर लपवलेला लाभ हा कपटाचा. या दोहोंमधील रेषा ज्याला दिसत नाही त्याला नाण्यांची पारख असेल. पण त्याच्या हाती कोणी डबा देऊ नये.

याच प्रकारातील दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. कधी कधी एकाच पेटीत ओळीने जुनी, जपून ठेवलेली नाणी निघतात. कोण्या संग्राहकाच्या निधनानंतर वारसांनी अजाणतेपणी त्याचा संग्रह पेढीत भरला असेल, किंवा घरफोडी करणाऱ्याने तो मोडून टाकला असेल. शोधकाला त्यातील खरे काय ते कळणे कठीण. तरीही अशा वेळी आनंदाच्या भरात गप्प न बसता पेढीत चौकशी करावी, त्या भागात संग्रहाची चोरी झाल्याची तक्रार आहे काय हे विचारावे, आणि काही काळ ती नाणी वेगळी ठेवावी, हेच सुज्ञपणाचे. एखाद्याचा आयुष्यभराचा संग्रह परत मिळणे ही कोणत्याही चांदीहून मोठी प्राप्ती आहे.

नाण्याशी

नाण्यालाही काही पथ्ये देणे लागतो. सापडलेले नाणे चिंचेने, राखेने किंवा घासणीने उजळू नये. देवघरातील तांब्या घासल्याने शोभतो. नाणे घासल्याने त्याच्या पृष्ठावरील बारीक रेषा आणि काळाने चढवलेला वर्ण दोन्ही कायमचे जातात आणि जाणकाराच्या लेखी त्याचे मोल उतरते. नाणे हाताळताना काठ धरावा, तोंडावर बोट ठेवू नये.

जे नाणे आपल्याला नको ते आले तसे परत गेले पाहिजे. आपण चाळलेली नाणी पुन्हा ओळखता यावी म्हणून त्यांवर शाईची खूण करण्याची प्रथा काहींनी पाडली. ती बहुतेकांना मान्य नाही. नाणे आपल्या हातून पुढच्याच्या हाती जावयाचे आहे. त्यावर आपल्या सोयीची निशाणी उमटवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? धातूच्या लोभाने नाणे वितळवणे हा तर याहून मोठा अपराध. १९८२ पूर्वीच्या अमेरिकन सेंटमध्ये शेकडा ९५ भाग तांबे असे. तांब्याचा भाव वाढल्यावर ती वितळवण्याचा मोह पडू लागला, तेव्हा २००६ च्या डिसेंबरमध्ये तेथील कोषागाराने सेंट व पाच सेंटची नाणी वितळवण्यास बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी सेंट पाडणेच थांबले. आता जी सेंट नाणी फिरत आहेत ती हळूहळू कमी होत जाणार. अशा वेळी शोधकाचा संयम आणखीच कसोटीला लागेल.

अफवा आणि मोल

या छंदाला लागलेली कीड म्हणजे अफवा. १९४३ साली अमेरिकेने तांबे वाचवण्यासाठी सेंट नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. पण टांकसाळीत मागे राहिलेल्या काही तांब्याच्या चकत्यांवर चुकून १९४३ चा ठसा उमटला. असे नाणे आणून देणाऱ्याला फोर्ड कंपनी मोटार बक्षीस देणार, अशी आवई उठली. तिच्यात तथ्य नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला १९४७ साली शाळेच्या उपाहारगृहात मोड म्हणून असे नाणे मिळाले. त्याने कोषागाराला लिहिले, तेव्हा असे नाणे अस्तित्वातच नाही असे उत्तर आले. त्याने ते आयुष्यभर जपून ठेवले. त्याच्या निधनानंतर २०१९ मध्ये लिलावात त्याला दोन लाख चार हजार डॉलर आले. म्हणजे अफवा खोटी होती, अधिकृत उत्तरही चुकीचे होते, आणि नाणे मात्र खरे होते. या नाण्यांच्या नकला पुष्कळ आहेत. पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा दिला की भोळा माणूस फसतो. पण लोहचुंबक त्याला चिकटतो आणि कपट उघडे पडते.

आपल्याकडे असेच घडते. २०१२ साली निघालेली वैष्णोदेवीची पाच व दहा रुपयांची स्मारक नाणी लाखो रुपयांना जातात अशी वदंता वर्षानुवर्षे फिरत आहे. जी नाणी मोठ्या संख्येने चलनात आली त्यांना असे मोल येणे शक्य नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, दलाली व कर मागणाऱ्या टोळ्या निघाल्या, तेव्हा ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर करावे लागले की, आपण अशा व्यवहारात नाही आणि असे शुल्क कधीही मागत नाही. जाणत्या शोधकाचे येथे कर्तव्य आहे. शेजाऱ्याने उत्सुकतेने विचारले तर त्याला खरे मोल सांगावे. त्याचा क्षणिक विरस होईल. पण त्याची पुंजी वाचेल.

आपल्या देशात

भारतातही चलनातून शोध घेण्याजोगे पुष्कळ आहे. नाण्यावरील सालाखाली पाहावे. चौकट हिऱ्याची आकृती असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, लहानसा ठिपका असेल तर नोएडाचे. कोणतीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. १९८५ च्या सुमारास मोडीची टंचाई इतकी तीव्र झाली की, परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घ्यावी लागली. त्या सालच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ हे अक्षर दिसते, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीसही काही नाणी परदेशांत पाडली गेली. खिशातील रुपया परदेशी जन्माचा आहे हे कळल्यावर मुलांना जो आनंद होतो तो मोलाने मोजता येत नाही.

तथापि आपल्याकडे शोधकाने कायदा नीट समजून घेतला पाहिजे. १९७१ साली लहान नाणी वितळवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यात आला होता. त्याची जागा नाणे अधिनियम, २०११ ने घेतली. या अधिनियमानुसार नाणे वितळवणे वा नष्ट करणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर आपल्या वाजवी गरजेपेक्षा पुष्कळ अधिक नाणी दर्शनी मूल्याहून वेगळ्या किमतीला विकण्याच्या हेतूने बाळगणे हाही गुन्हा आहे. गरज वाजवी आहे की नाही हे ठरवताना माणसाचा रोजचा व्यवहार, त्याचा व्यवसाय, नाणी त्याने कशी मिळवली आणि कशी व कोठे ठेवली हे पाहिले जाते. तेव्हा अमेरिकेतील शोधक पेट्यांमागून पेट्या आणतो म्हणून आपणही तसेच करावे, हे येथे चालणार नाही. आपल्या वाट्याला रोजच्या व्यवहारात जी मोड येते तीच आपली खाण.

या कायद्यामागे कटू अनुभव आहे. तांबे-निकेलचे पाच रुपयांचे नाणे ९ ग्रॅम वजनाचे होते. भारतीय नाणी सीमेपलीकडे नेऊन त्यांच्या धातूपासून दाढीची पाती बनवली जातात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास येत होत्या. त्याच साली पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे आणि पोलादाचे झाले. मोडीची टंचाई म्हणजे काय हे ज्याने बसच्या तिकिटामागे वाहकाने लिहून दिलेली येणे रक्कम घेऊन उतरण्याचा प्रसंग अनुभवला आहे, किंवा ज्याच्या हाती दुकानदाराने मोडीऐवजी गोळ्या ठेवल्या आहेत, त्याला वेगळे सांगावयास नको.

टंचाईप्रमाणे अविश्वासही घातक असतो. दहा रुपयांचे नाणे खोटे आहे या अफवेने अनेक ठिकाणी दुकानदार ते घेईनासे झाले. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, या नाण्याचे १४ नमुने काढण्यात आले असून ते सर्व वैध आहेत. नमुने निरनिराळे का असतात हे सर्वांत चांगले कोणाला ठाऊक असते? नाणी जमवणाऱ्याला. चौकातल्या भाजीवाल्याला ते समजावून सांगणारा संग्राहक हा रिझर्व्ह बँकेच्या दहा पत्रकांचे काम करतो. २५ पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली; पण ५० पैशांचे नाणे आजही वैध आहे, हेही त्यानेच सांगावयाचे.

समारोप

वरील सर्व पथ्यांचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल. नाणे हाती असेपर्यंत आपले असते, चलन मात्र नेहमीच सर्वांचे असते. शोधक हा वाहत्या प्रवाहाच्या काठी बसलेला माणूस आहे. त्याने त्यातून एखादा सुंदर खडा उचलावा. पण बांध घालू नये, पाणी गढूळ करू नये आणि खाली उभ्या असलेल्याची घागर रिकामी ठेवू नये. ज्या समाजात असे शोधक असतात तेथे टांकसाळीला खुणा पुसण्याची वेळ येत नाही.